विद्यार्थ्यांच्या गरजेचा ई-मेल

ई-मेलच्या पडद्यावरील शब्द जरा निरखून पाहिले, तर ते मूळचे कोणाच्या घरचे, हे चटकन उमगते. 'इनबॉक्स' म्हणजे साहेबांच्या मेजावरील आवक कागदांचा ट्रे, 'फोल्डर' म्हणजे कपाटातील फाइल, 'अटॅचमेंट' म्हणजे टाचणीने जोडलेला कागद. 'सीसी' ही तर टंकलेखन यंत्राच्या जमान्यातील कार्बन कॉपी. ती प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी आज शोधूनही सापडणार नाही. हे सारे सामान कचेरीतले आहे. स्वत:चे मेज, ठरलेली वेळ, वर्षानुवर्षे न बदलणारे पद आणि हाताशी कारकून असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ते मांडले गेले. विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसते.

तरीही विद्यापीठात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हेच साधन दिले जाते आणि त्यातून येणारे प्रत्येक पत्र त्याने वाचले आहे, असे गृहीत धरले जाते. ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्याची आठवण, वसतिगृहातील पाणीकपातीची सूचना, नाट्यमंडळाच्या तालमीचे निमंत्रण, एखाद्या दुकानाची सवलतीची जाहिरात आणि 'आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी आढळली असून सात दिवसांत पूर्तता करावी' हे पत्र, या सर्वांची उंची पडद्यावर सारखीच, एका ओळीची. पहिली चार वाचायची राहिली तर फारसे बिघडत नाही. पाचवे राहिले तर एखाद्याचे वर्ष जाऊ शकते. विद्यार्थ्यांसाठी ई-मेलचे साधन घडवू पाहणाऱ्यापुढील खरा प्रश्न येथे सुरू होतो.

कचेरीतील माणूस आणि विद्यार्थी यांच्या पत्रव्यवहारात मुळातच फरक आहे. कचेरीत माणूस जितकी पत्रे घेतो, साधारण तितकी लिहितोही. विद्यार्थी मात्र प्रामुख्याने घेणारा असतो. त्याच्याकडे संस्थेकडून पत्रांचा ओघ येतो आणि तो स्वत: लिहितो ती पत्रे मोजकी, पण त्याच्या दृष्टीने जोखमीची: प्राध्यापकांकडे मुदतवाढीची विनंती, शिफारसपत्राची मागणी, गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करण्याचा अर्ज. त्याचे वर्ष सत्रांमध्ये विभागलेले असते. जूनमध्ये महत्त्वाची असणारी मंडळी डिसेंबरमध्ये बदललेली असतात. आणि मुख्य म्हणजे त्याची ओळखच मुदतीची असते. तीन-चार वर्षांनी तो त्या पत्त्यावर राहत नाही.

हे सारे ओळखून साधन घडवण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे मात्र नाही. ई-मेलच्या इतिहासातील कितीतरी उपयुक्त गोष्टी विद्यापीठांच्या आवारातच जन्मल्या. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'अॅट'चे चिन्ह बसवून पहिले पत्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर धाडले, ते बीबीएन या कंपनीत. पण पुढे सर्वसामान्य माणसाला पेलेल असे रूप त्या पत्राला दिले ते विद्यापीठांनी. इलिनॉय विद्यापीठातील स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये 'युडोरा' लिहिले. युडोरा वेल्टी या लेखिकेच्या टपाल कचेरीत राहायला गेलेल्या बाईच्या कथेवरून त्याला हे नाव मिळाले. वॉशिंग्टन विद्यापीठात 'पाइन' तयार झाले. संगणकाची सवय नसलेल्यांना आज्ञा पाठ कराव्या लागू नयेत म्हणून पडद्याच्या तळाशी सतत कळांची यादी दाखवण्याची साधी युक्ती त्यात होती. मठ्ठ वाटणाऱ्या काळ्या पडद्यावर त्या दोन ओळींनी अनेकांची भीती घालवली.

या सर्वांत विद्यार्थ्यांच्या जीवनाशी सर्वाधिक एकरूप झालेले साधन मात्र बाहेरच्या जगाला फारसे परिचित नाही. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावातील डार्टमथ कॉलेजने १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'ब्लिट्झमेल' नावाची स्वत:ची ई-मेल प्रणाली बनवली. हे कॉलेज संगणकाच्या बाबतीत आधीपासूनच वेगळ्या वाटेचे. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये 'बेसिक' ही संगणकाची भाषा तेथेच घडवली. ग्रंथालयातील कपाटे जशी प्रत्येक विद्यार्थ्याला खुली असतात, तसाच संगणकही कला शाखेच्या मुलांसह सर्वांना खुला असावा, हा केमेनी यांचा आग्रह होता. १९८० च्या दशकात वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून जाळ्याच्या तारा पोहोचल्या, विद्यार्थ्यांच्या हाती अॅपलचे मॅकिंटॉश आले आणि त्यावर चालणारे टपाल कॉलेजच्या लोकांनी स्वत:च लिहून काढले.

ब्लिट्झमेलची पहिली खुबी म्हणजे तेथे पत्ता पाठ करावा लागत नसे. कॉलेजची एक नामावली होती. पत्र लिहिताना समोरच्याचे नाव, आडनाव, त्यातील एखादा तुकडा किंवा त्याने स्वत: नोंदवलेले टोपणनाव टाकले की काम भागे. एकाच नावाचे चार जण निघाले तर प्रणाली चौघांची यादी समोर ठेवून 'यांपैकी कोण?' असे विचारी. वर्गात पहिल्याच दिवशी शेजारी बसलेल्या मुलीचे नाव कानावर पडले एवढे भांडवल तिला पत्र पाठवायला पुरेसे असे. कचेरीत सहकाऱ्यांचे पत्ते एकदा वहीत लिहिले की वर्षानुवर्षे चालतात. विद्यार्थी मात्र दर सत्रात नव्या माणसांत जाऊन पडतो. नामावलीच्या या सोयीत त्याचे ते वास्तव बरोबर टिपले गेले होते.

दुसरी खुबी अधिक खोलवरची. पत्रे विद्यार्थ्याच्या यंत्रावर न ठेवता कॉलेजच्या मध्यवर्ती यंत्रावर ठेवली जात. आज हे सांगण्यासारखेही वाटणार नाही. पण त्या काळी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे ई-मेलची रूढ पद्धत टपाल खात्यासारखी होती. ती 'पॉप' या नावाने ओळखली जाते. तिच्यात पत्र टपाल कचेरीतून उचलायचे आणि घरी न्यायचे, म्हणजे ते तेथून नाहीसे होते. ज्याचे 'घर' एकच आहे त्याला हे ठीक. विद्यार्थ्याने सकाळी ग्रंथालयातील संगणकावर पत्रे उतरवली आणि संध्याकाळी वसतिगृहात बसून ती शोधू लागला, तर ती सापडायची नाहीत. ती ग्रंथालयातील यंत्रात बसलेली असत, आणि कदाचित पुढचा माणूस ती वाचतही असे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखलेली 'आयमॅप' ही पद्धत याच्या उलट: पत्रे मध्यवर्ती यंत्रावरच राहतात, कोणत्याही पडद्यावरून ती फक्त पाहायची. कोणते पत्र वाचले, कोणाला उत्तर गेले, याची खूणही तेथेच राहते. ब्लिट्झमेलचा मार्ग स्वतंत्र असला तरी विचार हाच होता. परिणामी कॉलेजच्या आवारात जागोजागी ठेवलेल्या सार्वजनिक संगणकांवर विद्यार्थी एका तासाहून दुसऱ्या तासाला जाता जाता उभ्याउभ्याच पत्रे पाहून पुढे जाऊ लागले.

याचे फलित भाषेत उतरले. 'ब्लिट्झ' हे नाम झाले आणि क्रियापदही. 'मला ब्लिट्झ कर' असे मुले म्हणू लागली. जेवायला कोठे भेटायचे, कोणत्या खोलीत अभ्यास करायचा, हे दूरध्वनीऐवजी ब्लिट्झवर ठरे. ज्या काळात आपल्याकडे एसटीडी बूथसमोर रांगा होत्या, त्या काळात एका डोंगराळ गावातील मुले आजच्या व्हॉट्सअॅपसारखा ई-मेल वापरत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रणाली घडवणारे आणि वापरणारे एकाच आवारात राहत होते. तक्रार घेऊन जायला फार तर एक मैदान ओलांडावे लागे. ही जवळीक पुढे कोणत्याही मोठ्या कंपनीच्या साधनाला साधली नाही.

विद्यापीठातील प्रयोगांचे आणखी एक देणे मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या साहाय्याने १९८२ मध्ये 'अँड्र्यू' प्रकल्प सुरू झाला. त्यातील टपालात अक्षरांसोबत चित्रे आणि इतर गोष्टीही धाडता येत. मात्र ती विद्यापीठाबाहेर पोहोचत नसत, कारण बाहेरचा ई-मेल केवळ इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांपुरता मर्यादित होता. त्या प्रकल्पावर काम केलेले नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी पुढे नेड फ्रीड यांच्यासमवेत 'माइम' हा संकेत तयार केला आणि १९९२ मध्ये तो जगापुढे ठेवला. ई-मेलला चित्र, ध्वनी जोडता येऊ लागला तो या संकेतामुळे, आणि देवनागरीसकट जगातील कोणतीही लिपी त्यातून जाऊ शकली तीही त्यामुळेच. तरीसुद्धा मराठी पत्रे पुढची दहा-बारा वर्षे प्रश्नचिन्हांच्या आणि चौकोनांच्या रूपात येत राहिली, कारण प्रत्येक फाँटची सांकेतिक व्यवस्था निराळी होती आणि पाठवणाऱ्याचा फाँट घेणाऱ्याकडे नसे. युनिकोड रुळल्यावरच हा घोळ मिटला.

साधनाची आखणी चुकली की काय होते, याचे मासलेवाईक उदाहरण न्यूयॉर्क विद्यापीठाने नोव्हेंबर २०१२ मध्ये अनुभवले. शुल्क विभागाने कराच्या एका प्रमाणपत्राविषयी सर्व विद्यार्थ्यांना पत्र पाठवले. एका विद्यार्थ्याला ते आईकडे पाठवायचे होते. चुकून 'रिप्लाय ऑल'ची कळ दाबली गेली आणि त्याचे पत्र सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या टपालपेटीत जाऊन पडले. त्याने क्षमा मागितली, पण तोवर मुलांना शोध लागला होता की एका कळीसरशी सगळ्या विद्यापीठाशी बोलता येते. कोणी पेन्सिल उसनी मागितली, कोणी कोडी घातली. दिवसभर धुमाकूळ चालला. माध्यमांनी हसत हसत दोष त्या विद्यार्थ्याला दिला. वास्तविक चूक कळ दाबणाऱ्याची नव्हती. सूचनेच्या यादीवर पाठवलेल्या पत्राला यादीतील कोणीही सर्वांना उत्तर देऊ शकेल, ही मोकळीक व्यवस्थेत राहून गेली होती. फलकावर सूचना लावणे आणि सभेत बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या शिपायालाही ठाऊक असते. ई-मेलची यादी बनवणाऱ्याला ते यंत्राला आवर्जून सांगावे लागते.

म्हणूनच विद्यार्थ्यांसाठीच्या ई-मेलमध्ये यादीचा स्वभाव पडद्यावर उघड दिसणे अत्यावश्यक ठरते. 'हे उत्तर ४० हजार जणांना जाईल' एवढे एक वाक्य, धाडण्यापूर्वी आणि ठळक, पुष्कळ अनर्थ टाळू शकते. आकडा सांगणे महत्त्वाचे. यादीचे नाव सांगून भागत नाही.

पाठवलेले पत्र परत घेण्याच्या सोयीचेही असेच. जीमेलने मार्च २००९ मध्ये ही सोय प्रथम प्रायोगिक स्वरूपात दिली. तिच्या नावावरून वाटते की गेलेले पत्र मागे बोलावले जाते. प्रत्यक्षात तसे काही घडत नाही. ई-मेल एकदा दुसऱ्या यंत्राच्या स्वाधीन झाला की तो परत येत नाही. म्हणून पत्र काही सेकंद दारातच थांबवून ठेवायचे, आणि तेवढ्यात माणसाचे मन बदलले तर फाडून टाकायचे, एवढीच ती युक्ती. प्राध्यापकांना रात्री दोन वाजता तक्रारीचे पत्र लिहिणाऱ्याला मात्र पाच-दहा सेकंदांनी काय होणार? त्याला सकाळपर्यंतचा अवधी हवा. 'सकाळी आठ वाजता धाडावे' ही कळ 'आत्ता धाडावे'च्या शेजारी, तितक्याच आकाराची असेल तर बिघडलेले कितीतरी संबंध वाचतील. गुगलने ऑक्टोबर २००८ मध्ये याहून गमतीदार उपाय काढला होता. 'मेल गॉगल्स' नावाची ही सोय सुटीच्या आदल्या रात्री पत्र पाठवू पाहणाऱ्याला आधी अंकगणिताची उदाहरणे घाली. उत्तरे चुकली तर पत्र जात नसे. ती फार काळ टिकली नाही. मराठी शाळेत पाढे पाठ केलेल्यांना तिने अडवले असते की नाही, ही शंकाच आहे.

पत्राला फाइल जोडायची राहिली तर आठवण करून देणारी सोयही जुनी आहे. ती मजकुरातील ठरावीक शब्द शोधते. इंग्रजी शब्दांवर बेतलेली अशी सोय 'सोबत अर्ज जोडला आहे' या वाक्यापुढे आंधळी ठरते. विद्यार्थ्यांची गरज ओळखणे म्हणजे ते कोणत्या भाषेत लिहितात हे ओळखणेही आले.

पत्रे साठवावीत कशी, याविषयी शिस्तप्रिय मंडळींचा सल्ला ठरलेला असतो: विषयवार कप्पे करा. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या ८५ हजारांहून अधिक शोधांचा मागोवा घेतला, तेव्हा निष्कर्ष वेगळाच निघाला. कप्पे करून पत्रे लावणाऱ्यांना जुने पत्र अधिक हमखास सापडते असे दिसले नाही; उलट वेळ जास्त लागतो. शब्द टाकून शोधणारे त्यांच्यापुढे निघून जातात. ही पाहणी नोकरदारांची होती, हे ध्यानात ठेवायला हवे. पण ज्याचे विषयच दर सहा महिन्यांनी बदलतात, त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कप्प्यांचा खटाटोप आणखी व्यर्थ ठरेल, असे मानायला हरकत नाही. त्याला लागणारे कप्पे विद्यापीठाला आधीच माहीत असतात! कोणता विद्यार्थी कोणत्या विषयाला, कोणत्या तुकडीत, कोणत्या वसतिगृहात आहे, याच्या नोंदी कार्यालयात आहेतच. मग पत्र पाठवतानाच त्यावर विषयाचा शिक्का बसावा, सत्र संपले की ते कप्पे आपोआप मागे सरावेत, नवे पुढे यावेत. वर्गीकरणाचा भार घेणाऱ्यावर न टाकता पाठवणाऱ्यावर टाकावा, हे साधे तत्त्व आहे. ते पाळले जात नाही याचे कारण तांत्रिक नाही. विद्यापीठातील दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, एवढेच.

हाच न्याय मुदतीला लागू पडतो. सूचना काढणाऱ्याला शेवटची तारीख ठाऊक असते. ती परिपत्रकाच्या तिसऱ्या परिच्छेदात दडवण्याऐवजी वेगळ्या रकान्यात भरली, तर विद्यार्थ्याच्या पेटीत पत्रे आल्या क्रमाने न लागता मुदतीच्या क्रमाने लागू शकतील. मुदत टळलेली पत्रे फिकट होतील. अर्ज भरल्याची नोंद झाली की स्मरणपत्रे थांबतील. ज्याने अर्ज भरलाच नाही त्याला मात्र तिसऱ्या पत्रानंतर कोणीतरी माणसाने दूरध्वनी करावा. सर्वांना दहा स्मरणपत्रे धाडण्यापेक्षा राहिलेल्या बारा जणांना विचारणे केव्हाही श्रेयस्कर. पण त्यासाठी ती बारा नावे दाखवणारा पडदा कार्यालयातील लिपिकासमोर असायला हवा. विद्यार्थ्यांच्या ई-मेलचा निम्मा आराखडा अशा रीतीने लिपिकाच्या मेजावर ठरतो.

प्राध्यापकांच्या बाजूनेही अडचण आहेच. दोनशे मुलांच्या वर्गात गृहपाठातील तिसऱ्या उदाहरणाचा अर्थ न कळलेले चाळीस जण असतात. त्यांतील दहा जण पत्र लिहितात आणि प्राध्यापक एकच उत्तर दहा वेळा देतात. उरलेले तीस जण संकोचाने गप्प बसतात. या संकोचाला उत्तर शोधले ते आयआयटी कानपूरच्या विद्यार्थिनी असलेल्या पूजा नाथ शंकर यांनी. मुलांच्या मोठ्या गर्दीत मोजक्या मुली असलेल्या तेथील वर्गात वर्गमित्रांना शंका विचारणे त्यांना जड जाई. पुढे स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण घेताना त्यांनी 'पियाझा' ही सेवा सुरू केली. तिच्यात प्रश्न एकाने विचारायचा, उत्तर सर्वांना दिसते. आणि विचारणाऱ्याला वर्गापुढे नाव झाकून ठेवता येते. ई-मेलने जे खासगी ठेवले होते ते येथे उघड झाले, आणि ई-मेलने जे उघड ठेवले होते ते नाव झाकता आले. शंका आणि गाऱ्हाणे यांतील भेद मात्र कोणत्याही साधनाने पुसू नये. घरी वडील आजारी आहेत म्हणून परीक्षेला येऊ शकत नाही, हे सांगायला बंद पाकीटच लागते.

विद्यापीठांनी घरी घडवलेल्या ई-मेलचे दिवस २००४ नंतर मावळू लागले. त्या वर्षी १ एप्रिलला जीमेल अवतरले आणि एक गिगाबाइट जागा फुकट देऊ लागले. तेव्हा हॉटमेल दोन मेगाबाइट देत असे. ऑक्टोबर २००६ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांचे टपाल गुगलकडे सोपवले. त्याआधीच मायक्रोसॉफ्टनेही विद्यापीठांसाठी अशी सेवा सुरू केली होती. स्वत:ची यंत्रे, स्वत:चे तंत्रज्ञ, नको त्या पत्रांशी रोजची झुंज हे सारे एका करारात सुटत असेल, तर कोणता कुलसचिव नाही म्हणेल? डार्टमथनेही २०११ च्या सुमारास ब्लिट्झमेलला निरोप देऊन मायक्रोसॉफ्टचा आसरा घेतला. तेथील अनेक माजी विद्यार्थी आजही त्याची आठवण एखाद्या पाडलेल्या वास्तूसारखी काढतात.

सौदा फुकटचा नव्हता, हे हळूहळू कळत गेले. शैक्षणिक खात्यांतील पत्रे जाहिरातींच्या हेतूने यंत्राकरवी तपासली जातात, यावरून अमेरिकेत न्यायालयीन दावे झाले आणि एप्रिल २०१४ मध्ये गुगलने हा प्रकार शिक्षणसंस्थांपुरता कायमचा थांबवल्याचे जाहीर केले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सांगितले की मोफत आवृत्तीत अमर्याद जागा मिळणार नाही. संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. २०२२ च्या जुलैपासून जुन्या संस्थांनाही हा नियम लागू झाला. ५० हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात हा हिशेब माणशी दोन गिगाबाइटवर येतो, आणि त्यात पत्रांबरोबर साठवलेल्या चित्रफिती आणि टिपणेही धरलेली आहेत. अनेक विद्यापीठांनी पहिली कुऱ्हाड चालवली ती माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांवर. 'आजन्म पत्ता' म्हणून दिलेली वस्तू दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेली होती, हे तेव्हा लक्षात आले.

भारतातही ई-मेलची पहिली पावले शिक्षणसंस्थांच्याच आवारात उमटली. १९८६ मध्ये तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईची एनसीएसटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी होत्या. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. शिक्षणसंस्थांचे 'एसी डॉट इन' हे नावही अर्नेटच्याच हाती आहे.

परंतु आयआयटीचे आवार आणि विद्यापीठाशी संलग्न एखादे तालुक्याचे महाविद्यालय यांत फार अंतर आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांना शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत आणि तेथील पुष्कळ विद्यार्थ्यांचा ई-मेल अकरावीच्या प्रवेश अर्जासाठी सायबर कॅफेवाल्याने घाईघाईत काढून दिलेला असतो. परवलीचा शब्द त्यालाच ठाऊक, आणि जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बहुधा वडिलांचा किंवा केव्हाच बंद पडलेला. पुढची पाच वर्षे शिष्यवृत्ती, परीक्षा आणि नोकरीच्या मुलाखती या एका डळमळीत पत्त्यावर अवलंबून राहतात. अशा विद्यार्थ्यासाठी साधन घडवायचे तर सुरुवात पत्रलेखनाच्या पडद्यापासून करून चालणार नाही. परवलीचा शब्द विसरलेल्या मुलाने महाविद्यालयात ओळखपत्र घेऊन यावे आणि पाच मिनिटांत खाते परत मिळवून जावे, ही खिडकी आधी उघडावी लागेल.

येथे डार्टमथच्या नामावलीची आठवण पुन्हा होते. मराठी नावे रोमन अक्षरांत लिहिण्याच्या तऱ्हा किती! एकाच 'दीक्षित'ची चार स्पेलिंगे, 'चव्हाण'ची तीन. त्यात वडिलांचे नाव मध्ये, आणि एकाच वर्गात दोन प्रिया जोशी. पत्त्यातले एक अक्षर चुकले की पत्र परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच प्रियाला पोहोचते. नाव देवनागरीत टाकले किंवा उच्चाराप्रमाणे कसेही लिहिले तरी जुळणी व्हावी, आणि सारख्या नावांपुढे शाखा व वर्ष दिसावे, ही सोय तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. देवनागरीतील संपूर्ण पत्त्याचा मार्गही खुला आहे: त्याचे आंतरराष्ट्रीय संकेत २०१२ मध्ये ठरले, 'डॉट भारत' हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये देवनागरीत आले आणि त्याच वर्षापासून जीमेल अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करू शकते. अडते ते अर्जाच्या रकान्यांपाशी. रोमन अक्षरांखेरीज काही दिसले की 'पत्ता अवैध' म्हणून लाल अक्षरे झळकवणारे अर्ज आजही सर्रास भेटतात.

सूचना कोणत्या स्वरूपात येते, याचाही विचार व्हायला हवा. सही-शिक्क्यानिशी छापलेले परिपत्रक, त्याचे छायाचित्र, त्या छायाचित्राची पीडीएफ आणि पत्रात मजकूर केवळ 'सोबत पाहावे', ही आपल्या कार्यालयांची लाडकी रीत. अशा पत्रात शब्द टाकून शोध घेता येत नाही, स्वस्त भ्रमणध्वनीवर ते नीट उघडत नाही आणि पडदावाचकाच्या मदतीने वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तर ते कोऱ्या कागदासारखे. शिक्का हवा असेल तर सोबत जोडावा. पण मजकूर पत्रातच अक्षरांत हवा, आणि विषयाच्या ओळीत 'महत्त्वाची सूचना' याऐवजी 'परीक्षा अर्ज : शेवटची तारीख १५' असे हवे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विषयाचे पाच-सहा शब्दच दिसतात. त्यांत 'विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेच्या निर्णयानुसार' एवढेच मावले तर पुढचे वाचायला कोण थांबणार?

मुलांनी व्हॉट्सअॅपच्या गटांचा आश्रय घेतला आहे तो यामुळेच. तेथे सूचना मिनिटात पोहोचते. पण तिच्याबरोबर अफवाही पोहोचते, आणि गेल्या वर्षीचे परिपत्रक यंदाचे म्हणून फिरते. ई-मेलची खरी किंमत वेगात नाही. कोणी, केव्हा, काय कळवले याची तारीखवार नोंद दोन्ही बाजूंना राहते, ही त्याची किंमत. 'आम्हाला कळवलेच नाही' आणि 'आम्ही कळवले होते' यांतील वाद ज्या दिवशी उभा राहतो, त्या दिवशी गटातील संदेश फारसे कामाला येत नाहीत. याचसाठी पत्र खरोखर विद्यापीठाकडूनच आले, हे सिद्ध होणेही निकडीचे आहे. शिष्यवृत्ती आणि नोकरीच्या नावाने येणाऱ्या बनावट पत्रांचे सर्वांत सोपे सावज विद्यार्थी असतात. पाठवणाऱ्याची खातरजमा करणारे संकेत पूर्वीपासून उपलब्ध होते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना ते सक्तीचे केले. ज्या संस्थेने ही घडी बसवलेली नाही, तिची खरी पत्रेच नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडू शकतात.

पत्रे वारंवार पाहण्याने होणाऱ्या त्रासाचेही मोजमाप झाले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच ई-मेल पाहायला सांगितले आणि एक आठवडा हवा तितक्यांदा. पहिल्या आठवड्यात त्यांच्यावरील ताण कमी आढळला. विद्यापीठाने मनावर घेतले तर तातडीची पत्रे वगळून उरलेल्या सर्व सूचना दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, एका पत्रात गोळा करून धाडता येतील. त्यासाठी प्रत्येक विभागाला आपली सूचना 'तातडीची' म्हणवून घेण्याचा मोह आवरावा लागेल. हे काम संगणकाच्या आवाक्यातील नाही.

राहता राहिला शेवटचा दिवस. पदवी हाती पडते आणि खाते बंद होते. त्या खात्यात चार वर्षांचा पत्रव्यवहार असतो, मार्गदर्शकांचे शेरे असतात, आणि कितीतरी ठिकाणी परवलीचा शब्द परत मिळवण्यासाठी तोच पत्ता दिलेला असतो. शोधनिबंधावर संपर्कासाठी छापलेला पत्ताही बहुधा तोच. खाते कायम ठेवणे संस्थेला परवडत नसेल तर तसे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. शेवटच्या सत्राच्या आरंभी पहिली सूचना द्यावी, सर्व पत्रे एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची कळ द्यावी, आणि खाते मिटल्यावरही निदान वर्षभर त्या पत्त्यावर आलेले पत्र नव्या पत्त्यावर पुढे पाठवावे. घर बदलणाऱ्याचे टपाल नव्या पत्त्यावर धाडायची सोय टपाल खाते कितीतरी वर्षांपासून देत आले आहे.